दामूनाना, आमचे दुभाषी

माझ्या मुली काय बोलतात, ते मला बिल्डिंगखाली बसणारे दामूनाना समजावून सांगतात. मी बाप असूनही मला त्यातलं अक्षरही कळत नाही.

बेचाळिसाव्या वर्षी मी बाप झालो, तोही घाऊक. ओवी आणि गार्गी आता पावणेतीन वर्षांच्या आहेत. मराठी त्यांनी अजून मनावर घेतलेलं नाही. आपापसात मात्र "किपू तातां? बुबी दोम्मा!" अशी जोरदार चर्चा चालते, मध्येच दोघी खदखदून हसतात, आणि विषय मीच असणार असं मला वाटत राहतं. बुबी म्हणजे ओवी. बुबी म्हणजे गार्गीसुद्धा. आरशात दिसते तीही बुबीच. ओवीला हाक मारली की दोघी येतात, नाहीतर दोघी येत नाहीत.

दामूनाना मूळचे इथले, ठाकुर्लीचेच. आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या वडिलांच्या भातशेतात. पांढरा लेंगा-सदरा, गळ्यात म्हशीच्या दाव्याएवढी सोन्याची चेन आणि प्लास्टिकची खुर्ची, नेमकी माझ्या स्कूटरच्या जागेवर. "हितं आमची विहीर व्हती, सायेब." आता विहिरीवर स्कूटर कोण लावणार? मी बाहेर लावतो.

मुली दिसल्या की नानांचं भाषांतर सुरू.

"पोरी म्हनतान, भजी पायजेत."

मी भजी आणतो. मुली एकेक भजं चाटून खाली टाकतात, उरलेली नाना संपवतात.

"पोरी म्हनतान, बापसानं हितंच बसावा. वर काय ठेवलंय?"

मी बसतो. एकदा तर "पोरी म्हनतान, मेंटेनन्स लय वाढवला" हेही ऐकून घेतलं. मी सोसायटीचा खजिनदार आहे.

पुढे बालवाडीच्या बाईंनी सुचवलं, "दोघींना वेगवेगळ्या वर्गांत बसवू या. एकत्र असल्या की त्यांना तिसऱ्याची गरजच पडत नाही." माझी बायको स्मिता काळजीत होतीच. म्हणाली, "अरे, उद्या कुणी नाव विचारलं तर काय सांगतील? बुबी? दोघीही?"

ही बातमी ऐकून नाना खुर्चीतून उठलेच. "पोरी म्हनतान, आमी नाय जानार!"

मी वैतागलो. "नाना, खरं सांगा, तुम्हाला यांचं खरंच कळतं?"

"डोंबल कलतं!" नाना खाली बसले. मग चेनशी चाळा करत म्हणाले, "म्हातारी व्हती तवर घरात आमची बोली व्हती. आता नातवां इंग्लिस बोलतान, सून तुमच्यासारी शुद्ध बोलते. मी तोंड उघारला का हसतान. दोघातला एक गेला का बोलनं बंद परतं, सायेब. तुमी पोरींचं नका बंद करू."

मुली त्यांच्या पायाशी बसून चपलेला काहीतरी समजावत होत्या.

तरी आम्ही वर्ग वेगळे केले. पहिले काही दिवस दोघी शाळेत मुक्या. घरी आल्या की मात्र दप्तरं फेकून एकमेकींच्या गळ्यात पडून दिवसभराचं सगळं सांगायच्या, आणि आम्ही नवराबायको परदेशी पाहुण्यांसारखे बघत बसायचो. स्मिता म्हणाली, "चुकलं का रे आपलं?"

मग एका दुपारी बाईंचा फोन. "अभिनंदन! ओवी बोलली. तिकडे गार्गीही बोलली." बाई जरा घुटमळल्या. "पण... तुम्ही घरी कुठलं मराठी बोलता?"

ओवी म्हणाली होती, "मना पानी पायजे." आणि गार्गी, दुसऱ्या वर्गात, डबा ढकलून, "मना नको."

मी धावत खाली जाऊन नानांना सांगितलं. वाटलं, नाना आता छाती फुगवून भजी मागणार. नानांनी मात्र सदऱ्याच्या बाहीनं चेहरा पुसला, बराच वेळ घेऊन.

"काय बोलली? परत सांगा."

"मना पाणी पायजे."

"पाणी नाय. पानी."

"पानी."

"हां. आता सगला बोला."

मी बोललो. नाना इतके हसले की खुर्ची हलायला लागली. मग ते हातांवर जोर देऊन उठले, वॉचमनची खुर्ची ओढत आणली, आपल्या खुर्चीसमोर ठेवली आणि धोतराच्या नसलेल्या सोग्यानं झटकल्यासारखी हातानं झटकली.

"बसा," म्हणाले. "लय कच्चा हाय तुमचा."