गोमाजी गुरुजींच्या मोकळ्या फळ्या

माघातल्या एका मंगळवारी आई वारली. तेरवी झाल्यावर मी तिचं मुसळ गोमाजी गुरुजींच्या संग्रहालयात देऊन आलो. घरात ते दाराआड उभं असायचं आणि येता-जाता तिथे कुणीतरी थांबलं आहे असं वाटायचं. एका जागी नीट ठेवलं गेलं की आपल्यालाही स्वस्थ वाटेल, अशी माझी समजूत होती.

चैत्रात बघायला गेलो, तर आईच्या नावाची पाटी होती. मुसळ नव्हतं.

"गुरुजी, हे कुठे गेलं?"

"तुमची माय? आष्टीले गेली, लग्नाले. हळद कांडून राह्यली असन आता."

मी पाटीकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. ते शांतपणे चष्मा पुसत होते.

आमच्या आलापल्लीतलं हे संग्रहालय म्हणजे जुन्या शाळेच्या दोन खोल्या आणि निवृत्त गोमाजी गुरुजी. वस्तूवर ती ज्याची असेल त्याच्या नावाची पाटी लागते, आणि गुरुजी वस्तूला त्याच नावाने ओळखतात. ज्याला गरज पडेल त्याने न्यावी, काम झालं की आणून द्यावी, हा त्यांचा नियम. त्यामुळे हंगामात तिथे बहुतेक पाट्याच असतात. एकदा दिवाळीनंतर नागपूरहून एक अभ्यासक आले. गुरुजींनी त्यांना मोकळ्या फळ्यांमधून फिरवलं. "हे किसनराव. पायली आहे त्यायची. खळ्यावर धान मोजून राह्यले. ह्या अनुसयाबाई. मोठा गंज आहे, पातेलं. बारशाची भाजी शिजून राह्यली यायच्यात." शेवटी अभ्यासकांनी घाम पुसत विचारलं, "इथे हजर कोण आहे?"

"मी आहो न."

चैत्रातल्या त्या दिवशी मला मात्र हसू येईना. म्हणालो, "गुरुजी, मुसळ आलं की मी परत नेतो. कुलपात ठेवीन."

"काऊन? मायले कोंडता का?"

"हरवलं म्हणजे?"

"हरवते कुठी. कोनाच्या घरीच तर राह्यते."

नजर वळवायची म्हणून कोपऱ्यातली पाटी वाचली. पार्वताबाई. या गुरुजींच्या पत्नी. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. बाकी फळ्यांवर धूळ होती, ही पुसलेली होती.

"या कुठे गेल्या?"

"भामरागडाकडे. सूप आहे तिचं. बाळाच्या पाचवीले नेलं. मंग पाऊस लागला, रस्ता बंद झाला."

"पण आता तर चैत्र आहे."

"हो."

"नेलं कधी?"

"ते बाळ आता शाळेत जाते म्हनतेत."

"मग कुणाला पाठवून आणवा ना."

गुरुजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने ती फळी पुन्हा पुसली. "आनलं तर इथी ठेवा लागन, भाऊ. मंग ते नुसतं सूप राहीन. अजून तर ती कामाले गेली आहे. आटोपलं का येईन."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला घरी पोचेपर्यंत पुरतं कळलं नव्हतं, आणि आताही कळलं आहे असं म्हणवत नाही. मुसळ मागायला पुन्हा गेलो नाही. ते आष्टीहून आलं आणि लगेच अहेरीला गेलं, असं ऐकलं.

घरी त्याचं उखळ आहे. ते जमिनीत बसवलेलं आहे.