एक जागा, दोन मालक

"किरकोळ काम आहे, साहेब!" असं मी छातीठोकपणे सांगितलं आणि त्याच दमात रजाही मागून घेतली. मेव्हणीचं लग्न होतं. सासरी अशा गैरहजेरीचा हिशेब जन्मभर चालतो! मशीन सुधारलं की शुक्रवारपासून रजा, असा सौदा ठरला.

आजार साधा होता. मशीनच्या आतला कर्नल, म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी प्रोग्रॅम, बाकीच्यांना मेमरीची जागा वाटतो. दोन प्रोग्रॅम एकाच क्षणी आले, की आमचा कर्नल दोघांनाही तीच रिकामी जागा द्यायचा. दोघं एकमेकांच्या मांडीवर बसायचे आणि मशीन मान टाकायचं!

चोर पकडायला मी कोडमध्ये एक ओळ घातली: जागा दिली की पडद्यावर तसं उमटावं. आणि काय सांगू, मशीन ठणठणीत!

"झालं की बरं!" मी कॉलर ताठ केली.

शेजारच्या टेबलावरच्या ताई, आमच्यातल्या सर्वांत जुन्या, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कसलं बरं? ते उमटण्यात वेळ जातो, म्हणून दोघांची गाठ पडत नाही. ओळ काढ बघू."

काढली. मशीनने मान टाकली.

"कुलूप लाव. एकाचं वाटप होईपर्यंत दुसरा दाराबाहेर."

लावलं. मांडीवर बसणं थांबलं. मग सगळंच थांबलं! माउसचा बाणसुद्धा संपावर गेला.

"जागा शिल्लक नसली तर काय करतोस?" ताईंनी विचारलं.

"नाही म्हणून परत पाठवतो."

"आणि कुलूप कोण उघडतं?"

मी कोड उघडून पाहिला. रिकाम्या हाताने परतणारा पठ्ठ्या कुलूप तसंच ठेवून जात होता आणि बाहेर अख्खं गाव ताटकळत होतं!

तेही निस्तरलं. गुरुवारी संध्याकाळी मशीन धावू लागलं. साहेबांनी पाठ थोपटली. मी बॅग उचलली, तर ताईंची आधीच खांद्याला.

"तुम्ही कुठे निघालात?"

"रजेवर. लेकीकडे."

आम्ही दोघांनी साहेबांकडे पाहिलं. ते कावरेबावरे.

"दोघांनी विचारलंत तेव्हा कॅलेंडर रिकामंच होतं! तुझं लिहिणार, तेवढ्यात ताई आल्या, त्यांनाही हो म्हटलं. आता एकाने तरी मशीनपाशी थांबा बाबा."

तपासणं आणि लिहिणं एका दमात का उरकावं, हे मी त्यांना सविस्तर समजावलं. माझं संपेपर्यंत ताई लिफ्टमधून खाली पोचल्या होत्या.

लग्नघरातून बायकोचा फोन आला. "निघालास का?"

"अगं, रजा मंजूर आहे. फक्त ती घेऊन गेल्या ताई."

पलीकडून एक मोकळा सुस्कारा.

"सुटले बाई! तुझी गादी मी मघाशीच मामांना देऊन बसले होते."