लोकरीच्या पिशवीची मोहीम

आदिमायेस दंडवत घालून, आणि जिचे उदरी ही हकीकत लिहिणारा व वाचणारा उभयतां नऊ मास बिनभाड्याचे क्वार्टरात राहून आले त्या आपापल्या मातोश्रींचे स्मरण करून, वर्तमान लिहितो ते ऐसे जे, शके एकोणीसशे बारा, पौष मासी, मुक्काम भोपाळ, विजेच्या कारखान्याची टाउनशिप, तेथे राजश्री वैजयंतीबाई, विज्ञानाच्या शिक्षिका, मुलींचे शाळेत आठवी ब या मुलखाच्या सुभेदार होत्या. त्या मुलखी प्रजननाचा धडा नामे एक परगणा होता आणि तेथे आजवर कोणी पाऊल घातले नव्हते. पूर्वीच्या बाईंनी त्या पानांस स्टेपलर मारून नाकेबंदी केली होती, आणि मुलींस हुकूम होता की हे घरी वाचणे, आणि घरी हुकूम होता की असले शाळेत वाचणे. परिणाम ऐसा जाहला की मागील साली नलिनी नामे कन्या पाण्याच्या टाकीमागे तीन तास दडून बसली, कारण प्रथमच अंगावरून रक्त गेलेले पाहून आपण आता मरणार ऐसे तिने पक्के केले होते. तिला वैजयंतीबाईंनीच शोधून काढिले, आणि तेच दिवशी त्यांनी शपथ वाहिली की पुन्हा एकही पोर टाकीमागे बसता कामा नये.

शाळेपाशी नकाशा नव्हता. तो मागविला तेव्हां पचनसंस्थेचा नकाशा रवाना जाहला, सोबत चिठी की आतील अवयवांपैकी सध्या हाच शिल्लक. धडा सोमवारी होता. मग बाई बुधवारी दुपारी क्वार्टरांपुढील हिरवळीवर चालून गेल्या, जेथे फोरमन मधुकररावांचे कुटुंब मंगलाबाई आणि शेजारच्या वृद्ध इंदुमतीबाई उन्हास पाठ देऊन विणीत बसल्या होत्या. बाईंनी अर्ज गुजरला की मुलींस दाखवावयास एक गर्भाशय विणोन द्यावे. मंगलाबाईंच्या सुया थांबल्या, आणि ही गोष्ट त्या हिरवळीवर पूर्वी एकदाच, साखरेचा कोटा कमी जाहला तेव्हां, घडली होती. पण मामला लोकरीचा होता आणि लोकरीस नाही म्हणणे त्यांच्या कुळी नव्हते. आनंद नगरच्या दुकानातून गुलाबी आणि लाल लोकरीची कुमक आली आणि मोहिमेस आरंभ जाहला.

माप मात्र कोणी विचारिले नाही. मंगलाबाई तीन बाळंतपणांच्या धनी, त्यांनी आपल्या अनुभवाचे भरवशावर शंभर टाके घातले आणि शुक्रवारी ऐसा ऐवज सिद्ध केला की मधुकरराव फर्स्ट शिफ्टवरून येऊन, ती माकडटोपी समजोन, दोन्ही नळ्या हनुवटीखाली बांधून, दूध आणावयास बूथपर्यंत गेले आणि ऊब उत्तम ऐसा शेरा देत परत आले. वस्तू काय ते कळल्यावर त्यांनी ती ज्या अदबीने उतरविली तैसी अदब जनरल मॅनेजरांसही कधी मिळाली नव्हती.

वैजयंतीबाईंनी ऐवज पाहिला आणि मूठ मिटून दाखविली, की मूळ आकार एवढाच. मंगलाबाई कोपल्या. ज्या पिशवीने तीन पोरे वाहिली तीस मूठ म्हणणे हा बदनामीचा मामला, ऐसे त्यांचे म्हणणे पडले. बाईंनी समजाविले की ती वाढते आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत पुन्हा मुठीएवढी होते. मंगलाबाई म्हणाल्या की मग अख्ख्या देहात शब्द पाळणारी तीच एक. ऐसे बोलोन त्यांनी स्वहस्ते सारे उसविले, आणि कलाकारास उसवण्याचे दुःख काय असते ते लिहिता लेखणी थरथरते.

मग शनिवारी नव्याने बांधणी जाहली. मधोमध पालथ्या नासपतीसारखी पिशवी, खाली तिचे अरुंद मुख, वरून दोहीकडे दोन नळ्या, आणि नळ्यांपाशी दोन अंडाशय, जेथून महिन्यास बहुधा एकच बीज, खसखशीहून बारीक, मोहिमेवर निघते. त्यास झेलावयास नळीच्या टोकी झालर, ती इंदुमतीबाईंनी क्रोशाने घातली. आत लाल लोकरीचे अस्तर, ओढले की सुटून येणारे, कारण पिशवी दर महिन्यास पाहुण्यासाठी गादी घालते आणि पाहुणा न आल्यास गादी काढून टाकते, इतकाच तो व्यवहार. हे ऐकोन मंगलाबाईंनी अस्तर एकवार स्वतः ओढून पाहिले. मग त्यांनी निवाडा दिला की इतकी वर्षे ज्या कावळ्यावर शिवल्याचा आळ होता तो कावळा निर्दोष, आणि चार दिवस कोपऱ्यात बसविण्यासारखे यात काहीएक नव्हते.

सोमवारी ऐवज स्टीलच्या डब्यातून शाळेत दाखल जाहला. डबा घेऊन इंदुमतीबाई आल्या होत्या, त्या मागील बाकावर बसल्या. वैजयंतीबाईंनी स्टेपलरच्या पिना काढविल्या, सर्व दाखविले, अस्तर ओढून दाखविले, आणि कोणास काही विचारावयाचे आहे काय ऐसे तीनदा पुसले. एक्केचाळीस मुली, एक्केचाळीस खाली घातलेल्या माना. बाईंचा धीर सुटत चालला. न विचारणारी पोरच टाकीमागे जाऊन बसते, हे त्या जाणून होत्या.

तेव्हां मागील बाकावर एक हात वर जाहला, बांगड्यांसकट.

"वैजयंती, मी विचारू? पिशवी काढून टाकली, की त्या जागी काय उरतं गं?"

प्रश्न मराठीत जाहला, म्हणोन मुलींस कळावा यास्तव इंदुमतीबाईंनी तो उभे राहून हिंदीतही विचारिला. त्यांची पिशवी चौदा वर्षांपूर्वी काढिली होती. डॉक्टर जे बोलले ते यजमानांशी बोलले, आणि यजमानांनी घरी येऊन सांगितले की सगळे ठीक आहे.

"रिकामं काही राहत नाही, काकू," वैजयंतीबाई म्हणाल्या. "आजूबाजूची आतडी सरकून ती जागा भरून घेतात."

इंदुमतीबाई खाली बसल्या. त्या म्हणाल्या की आत पोकळी आहे ऐसे समजोन त्या चौदा वर्षे बसमध्ये खड्डा आला की पोट धरून बसत आल्या. आणि मग त्या मुलींदेखत रडल्या, आणि लिहिणाऱ्याचेही डोळे भरून आले हे येथे लपवीत नाही.

मग दुसऱ्या बाकावर हात वर जाहला. "मॅडम, दर्द क्यों होता है?" मग तिसऱ्यावर, मग खिडकीपाशी दोन, आणि मग मोजणी सुटली.

पौष मासी सोमवारी, दुसऱ्या प्रहरी, आठवी ब मुक्कामी परगणा सर जाहला. तास संपल्याची घंटा जाहली आणि एकही मुलगी जागची उठली नाही.