शाबासकीची बरणी

माणसाला उद्याच्या मोठ्या सुखापेक्षा आत्ताची चिमूट गोड लागते, हे शास्त्राने दीर्घ संशोधनाअंती सिद्ध केलं आहे. (बाइंडरकाकांच्या बायकोने ते लग्नानंतर आठवड्यातच सिद्ध केलं होतं, पण तिला अनुदान नव्हतं.)

काका चाळीस वर्षं पुस्तकं बांधत होते आणि तितकीच वर्षं तंबाखू खात होते. तोंड दोन बोटांपुरतंच उघडू लागलं, तेव्हा दंतवैद्य म्हणाले, "आता नाही सोडलीत, तर पुढचं माझ्या हातात नाही." काका घाबरले, आणि घाबरल्यामुळे एक चिमूट लावूनच व्यसनमुक्ती केंद्रात गेले.

केंद्राची पद्धत अत्यंत आधुनिक होती. उपदेश वर्ज्य. रोज लाळ तपासायची आणि तंबाखू सापडली नाही, तर बरणीतून एक चिठ्ठी काढायची. शंभरांतल्या नव्वद चिठ्ठ्यांवर 'शाबास', नऊंवर साबण, एकीवर कुकर. (कुकर आजवर कोणालाही लागला नव्हता. शास्त्राच्या दृष्टीने कुकरचं कार्य तेवढंच.)

तंबाखू सुटली. बरणी मात्र सुटेना. काका केंद्र उघडण्याआधी तासभर पायरीवर हजर असत आणि रविवारी केंद्र बंद म्हणून घरात उगाच चिडचिड करत. नव्वद दिवसांत सत्त्याहत्तर चिठ्ठ्या निघाल्या: बहात्तर शाबास, पाच साबण.

एक्याण्णवाव्या दिवशी समुपदेशक ताईंनी प्रमाणपत्र दिलं. "काका, तुम्ही बरे झालात. आता चिठ्ठी बंद."

"आणि परत खायला लागलो तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून नोंदणी," ताई नियम बघून म्हणाल्या.

काकांनी नियमावर शांतपणे विचार केला आणि थेट टपरी गाठली.

घरी येऊन त्यांनी पुडी फोडली. बायकोने बसल्या बसल्या बाइंडिंगच्या कातरणांवर काहीतरी खरडून ती घरातल्या रिकाम्या बरणीत टाकली आणि बरणी पुढे केली. "अहो, आधी चिठ्ठी काढा."

शाबास. दुसरी काढली. शाबास. तिसरीही तीच.

"साबण नाही?"

"मोरीत आहे."

काकांना हसू फुटलं. तीन बोटं मावतील एवढं तोंड उघडलं. चाळीस वर्षांत त्यांच्या बांधणीला कोणी शाबास म्हटलं नव्हतं. पुडी कचऱ्यात गेली. (उद्याची चिठ्ठी आजच काढू देण्याच्या अटीवर.)

काकांचं हे बरणीवेड हास्यास्पद आहे, यात वाद नाही. आपण फक्त सकाळी डोळे उघडताच उशाशी हात घालून, मोबाइलवर कोणी आपल्याला शाबास म्हटलंय का, एवढंच बघतो. कोणी म्हटलेलं नसलं, तर पाच मिनिटांनी पुन्हा बघतो.

काकांची बरणी निदान रविवारी तरी बंद असायची.