नावाला जागावं!

आमच्या शेजारचे तात्या मुलींना त्यांच्याच नावाने धारेवर धरत. आळीतली गंगा कुणाला "पाणी संपलंय" म्हणाली, की दगडी गडग्यापलीकडून आवाज आलाच, "गंगेकडे पाणी नाही? मग रत्नागिरीकरांनी काय समुद्र प्यायचा? नावाला जागावं!"

कचेरीतली कारकुनी संपवून ते पेन्शनीत निघाले होते. बारशाला बोलावणं असो-नसो, हजर. आत पाळण्याशी आत्या बाळाच्या कानात कुर्र करी, आणि बाहेर ओटीवर तात्या नावाचा अर्थ सांगायला बसत, घुगऱ्या गार होईपर्यंत. त्यांचं म्हणणं असं, की मुलीला दिवसातून पन्नासदा हाक मारतात. देवीचं नाव ठेवा, म्हणजे हाक मारणाऱ्याचा जप होतो आणि ओ देणारीला आपण कोण याची आठवण राहते. बबी, ठकी, चिमी असल्या हाकांचा त्यांना भारी संताप. "ह्यात देव नाही, अर्थ नाही. पोरींना बोलावता की कोंबड्यांना?"

माझं नाव शांता. हसा आता. मी फणसावरून मारलेली आरोळी मांडवी बंदरातल्या होड्यांपर्यंत पोचते, असं आई म्हणे. तात्या मला रोज अंगणात डोळे मिटून बसवत. "शांता म्हणजे वादळ उतरल्यावरचा समुद्र!" मी एक डोळा किलकिला करी, तर त्यांच्या पाठीमागे भागीरथीकाकू आंबापोळी दाखवून मला खुणावत असत. भागीरथी हे नाव तात्यांनीच लग्नात तांदळांत लिहिलेलं. पण बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती, म्हणून घरात जन्मभर नुसतं "ऐकलं का?"

तेराव्या वर्षी माझं लग्न ठरलं आणि मी मनातून नाचले. नवरा तांदळांत नवं नाव लिहिणार, शांतेची कटकट सुटणार! मला मोहिनी व्हायचं होतं. आरशापुढे मोहिनीसारखं हसायचा सरावही केला, फणसावरून पडून तुटलेल्या अर्ध्या दातासकट. पण सासरे निघाले तात्यांचे कचेरीतले स्नेही. त्यांनी तात्यांचा सल्ला घेतला, आणि ताटात अंगठीने उमटलं ते अन्नपूर्णा.

मला साधी भाकरी थापता येत नव्हती. सासरचं घर भर बाजारात, त्यामुळे पाहुण्यांना तोटा नाही. "अन्नपूर्णे, आणखी चार पानं हो!" सासूबाई म्हणत, आणि मी चुलीतला धूर आणि तात्यांचा राग एकदमच गिळत असे.

दिवाळीला माहेरी आले ती तडक भांडायला निघाले. आई मागून काकूंच्या दुखण्याचं काहीतरी सांगत होती, पण मला ऐकायला फुरसत कुठली! वाक्य पाठ होतं: "तात्या, तुमचं नाव परत घ्या."

मागीलदारी पायरीवर काकू बसल्या होत्या. नजर कुठेतरी पोफळींच्या शेंड्यांवर. समोर तात्या मऊभाताची वाटी घेऊन उकिडवे.

"ऐकलं का?"

काकू ढिम्म.

"भागीरथी!" त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. काकूंनी मान वळवली नाही. आई काय सांगत होती ते मला तेव्हा उमगलं.

तात्यांनी गडग्याकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बबे... ए बबे."

"ओ," काकू म्हणाल्या, आणि लहान पोरीसारखा आ केला.

तेवढ्यात तात्यांना मी दिसले. ते चपापले. भांडायचं मी विसरूनच गेले. पण माझी खोड जाते कुठे!

"तात्या, ही बबी कोण?"

"तिच्या माहेरची हाक."

"तिचा अर्थ काय?"

त्यांनी पुढचा घास कालवला, काकूंच्या ओठाला लागलेलं शीत बोटाने टिपलं.

"अर्थ कसला गो," ते म्हणाले. "ओ देते."