कानात पाच थेंब घालण्याच्या मोहिमेची हकीकत

बाईसाहेबांनी आज्ञा केली की, काल घरी जो रणसंग्राम जाहला त्याचा खरा मजकूर, आपली अब्रू न झाकता, लिहोन ठेवणे. त्यावरून हा लेख. लिहिणार आणि शिकस्त पावणार इसम एकच, सबब वेगळ्या साक्षीदाराची गरज नाही.

घरची कुत्री, उमर वर्षे नऊ, किताब ‘सरकार’, यांच्या डाव्या कानात पू जाहला. जनावरांच्या डॉक्टरांनी ताकीद दिली की, दिवसातून दोनदा पाच थेंब घालणे, हयगय केल्यास कान कायमचा जाईल. पहिलाच थेंब झोंबला आणि सरकार पलंगाखालील किल्ल्यात शिरल्या, त्या औषध दिसताच बाहेर येईनात. दोन दिवस गेले, कान सुजला आणि यजमानांनी मोहीम हाती घेतली.

यजमान म्हणजे हौशी रंगभूमीवर बावीस वर्षे घालविलेले नट, साळसूदपणाच्या सोंगात आपल्या मते नामांकित. त्यांनी मसलत केली की, मुके जनावर, त्यास काय उमजते, सहज गाफील पाडू. मग बाटली खिशात दडवोन, शीळ घालीत यजमान पलंगाशेजारून ऐसे निघाले की जणू कानाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. आणि सरकारांनी त्यांच्या आखडल्या खांद्यांकडे एक नजर टाकिली आणि भिंतीपर्यंत माघार घेतली. मग यजमानांनी झोपेचे सोंग घेतले आणि घोरले. श्वास खोटा, हे ऐकोन सरकार जागच्या हलल्या नाहीत. मग बिस्कीट दाखवोन गोड आवाज लाविला. इतका गोड आवाज या घरात कधी निघत नाही, हे जाणोन सरकार गुरगुरल्या. मग खासे यजमान पोटावर सरपटत किल्ल्यात घुसले आणि डोके फळीवर आपटोन, धूळ खावोन परतले.

अखेर सारी सोंगे सरली. यजमानांनी फरशीवर बसकण मारिली, बाटली उघडोन पुढे ठेविली, हुंगू दिली, आणि रडवेल्या आवाजात अर्ज केला की, झोंबेल, ठाऊक आहे, मलाही भीती वाटते, पण कान गेला तर मी काय करू. सरकारांनी बराच वेळ त्यांचे तोंड न्याहाळिले, आणि मग आपण होवोन बाहेर आल्या आणि दुखरा कान यजमानांच्या मांडीवर ठेविला. पाचही थेंब पडले. यजमान नाक पुसत विचारते जाहले की, या मुक्या जीवास माझे नाटक कळले तरी कसे?

दारात उभ्या बाईसाहेब म्हणाल्या, “अहो, मलाही लग्नापासून कळतंय. मी फक्त पलंगाखाली जात नाही.”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. आज सकाळी सूज निम्मी उतरली. आमचेकडील एक नट कामी आला.