शेवटच्या पिढीची नऊ दावी

केवणीच्या झुडपाच्या सालीतून वाख, म्हणजे धागा, काढणारी महाराष्ट्रात आपण एकटीच, याबद्दल जान्हवीला तिळमात्र शंका नव्हती. शंका असती तर तिने कोळवण गावात कोणाला तरी विचारलं असतं. वाख कसा काढायचा, हे तिने यूट्यूबला विचारलं.

फायबर आर्टिस्ट म्हणून ती दोन वर्षांपूर्वी पुण्याहून इथल्या फार्महाऊसवर राहायला आली. अठरा दिवस डबक्यात कुजवून, धुऊन, विंचरून काढलेला तो पिवळसर धागा तिने बांबूवरून मोकळा सोडला होता, सहा फूट रुंद, छतापासून फरशीपर्यंत. भिंतीवर टांगायच्या या कलाकृतीचं नाव 'श्वास'. दुपारी चारला गॅलरीवाल्या नलिनीताई टेम्पो घेऊन ती न्यायला येणार होत्या. पहिलंच प्रदर्शन. हुकलं, तर वडील बँकेच्या परीक्षेचा फॉर्म घेऊन तयारच होते.

सकाळी माहितीचं कार्ड छापून आणायला ती पिरंगुटला निघाली. जाताना घरकाम करणाऱ्या गोजराबाईंना म्हणाली, "मावशी, पाहुणे यायच्या आत इथलं सगळं नीट करून ठेवा."

गोजराबाईंनी खोली झाडली, मग वर पाहिलं. एवढा चांगला वाख काढला, आणि पीळ घालायचा राहिला की पोरीचा! त्यांना वाईट वाटलं. त्यांनी शेतातून नवऱ्याला, गेणबांना बोलावलं. गेणबांनी एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि दोघं कामाला लागली.

छापखाना आणि रस्त्यातलं ट्रॅफिक उरकून जान्हवी साडेतीनला परतली. बांबू रिकामा होता. खाली नऊ दावी, गुरांना बांधायची, वेटोळी घालून ओळीने ठेवलेली.

"माझा श्वास कुठंय?"

"बस आधी, दमलीस," गोजराबाईंनी पाणी पुढे केलं.

"मावशी, हे सोडवा. सगळं सोडवा."

"सुंभ जळंल, पर पीळ न्हाई जायचा," गेणबा म्हणाले. "एकाला बैल बांधून बघितलाय. जागचा हलला न्हाई."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. जान्हवीने हाताला लागतील तशी नऊच्या नऊ दावी बांबूवर अडकवली. बैलाचं दावं मधोमध आलं.

नलिनीताईंनी एका वेटोळ्यावरून बोट फिरवलं.

"फोटोत जरा पसरट वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "पण हा पीळ! काय संयम आहे. आणि हा मधला हिरवट पोत?"

"नैसर्गिक आहे," जान्हवी म्हणाली. तेवढं खरं होतं.

"असे आणखी वीस पीस कर. महिन्याभरात."

मग त्यांनी कार्ड मोठ्याने वाचलं. "'केवणीचा वाख हाताळणारी शेवटची पिढी या खोऱ्यातून केव्हाच संपली. त्या मृत कलेत जान्हवीने पुन्हा प्राण फुंकले.' सुंदर."

दारात गोजराबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी गेणबांकडे पाहिलं. गेणबांनी स्वतःच्या अंगठ्याकडे.

टेम्पो गेल्यावर जान्हवी मोरीपाशी घुटमळत राहिली.

"मावशी, मला दावं वळायला शिकवाल?"

गोजराबाई कप विसळत राहिल्या.

"शिकवलं असतं गं. पर मेलेल्या माणसाच्यानं कुटं व्हतंय?"